स्वतःची कंपनी काढून जुन्या भीमगीतांचे पब्लिशिंग हक्क विकत घेता येतात का?

येतात, पण आधी नीट बघा की विकणाऱ्याच्या हातात नेमकं काय आहे. शब्द, चाल आणि ध्वनिमुद्रण या तीन वेगळ्या मालमत्ता. पब्लिशिंग म्हणजे पहिल्या दोन. नांदेड-परभणीकडच्या एखाद्या कॅसेटवाल्याकडून मास्टर (मूळ ध्वनिमुद्रण) घेतला म्हणून शब्द-चाल तुमच्या होत नाहीत. त्यासाठी कवी आणि संगीतकाराची सही लागते. ते हयात नसतील तर सगळ्या वारसांची. एकच मुलगा सही करतो आणि पुढे बहिणी उभ्या राहतात, व्यवहार तिथंच फसतो.

तोंडी व्यवहार चालत नाही. करारात गाण्याचं नाव, हक्क, मुदत, प्रदेश, रॉयल्टी लिहा. मुदत लिहायची राहिली तर कॉपीराइट कायदा 5 वर्षंच धरतो. प्रदेश लिहायचा राहिला तर फक्त भारत, म्हणून यूट्यूबसाठी ‘संपूर्ण जग’ लिहाच. वर्षभरात हक्क वापरला नाही तर तो परत जातो, करारात वेगळं ठरलेलं नसेल तर. कवी आयपीआरएसचा (गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणारी संस्था) सभासद आहे का, हेही आधी विचारा. तिथं दिलेला हक्क पुन्हा विकता येत नाही.

‘एकरकमी घेतले, रॉयल्टी सोडली’ हे करारातलं कलम कॉपीराइट कायद्याच्या 2012 च्या दुरुस्तीनंतर टिकत नाही. गरीब शाहिराचा तो वाटा राहिलाच पाहिजे.

तुमची स्वतःची गाणीही कंपनीच्या नावे लेखी करून घ्या.