बुटाच्या खोक्याच्या पिनहोल कॅमेऱ्यात फोटो पुसट येतो, छिद्र किती मोठं हवं?

छिद्रापासून फोटोपेपर १० सेंमी लांब असेल, तर छिद्र साधारण ०.४ मिमी ठेवा. मोठ्या छिद्रातून प्रत्येक बिंदूचा ठिपकाच मोठा पडतो, आणि फार बारीक केलंत तर प्रकाश कडांवरून पसरून पुन्हा पुसटच दिसतं. ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅले यांच्या सूत्राने (अंतर आणि प्रकाशाची तरंगलांबी यांच्या गुणाकाराचं वर्गमूळ काढून त्याला १.९ ने गुणायचं) साधारण हाच आकडा येतो. छिद्र थेट पुठ्ठ्यात मात्र पाडू नका, त्याच्या कडेला तंतू राहतात. कोल्ड्रिंकच्या कॅनचा छोटा तुकडा कापा, शिवणाच्या सुईचं फक्त टोक हलकेच टेकवून फिरवा, मागे आलेला उंचवटा बारीक पॉलिश पेपरने घासा, मग परत सुई फिरवा. माप घ्यायला पत्रा १२०० डीपीआयवर (म्हणजे एका इंचात १२०० पिक्सेल) स्कॅन करा. छिद्र १९ पिक्सेल भरलं की झालं. हा तुकडा खोक्याला काळ्या चिकटपट्टीने लावा आणि खोकं आतून काळं रंगवा, झाकणाच्या फटीसुद्धा बुजवा. पुष्कळदा दोष छिद्राचा नसतोच, फटीतून शिरलेल्या उजेडाचा असतो! कडक उन्हात कृष्णधवल फोटोपेपरला ४० सेकंद ते १ मिनिट देऊन बघा, तेवढा वेळ खोक्यावर वीट ठेवा. एक लक्षात घ्या: हा कागद मुख्यतः निळा प्रकाश टिपतो, त्यामुळे संध्याकाळच्या पिवळ्या उन्हात ही वेळ पुरणार नाही.