तोंडाला कोरड, मुळाला कीड

साठी उलटलेल्या वाचकांच्या पत्रांत दर खेपेला एकच तक्रार असते, दातांच्या मुळांना लागणाऱ्या किडीची, म्हणून आज सगळी एकत्र घेतो.

प्रश्न : दात वरून धडधाकट, पण हिरडीलगत तपकिरी खळगे पडलेत. कीड असेल? (वय 71, कोथरूड)

बहुधा. याच आठवड्यात दाखवा.

प्रश्न : रक्तदाबाच्या आणि झोपेच्या गोळ्या सुरू झाल्यापासून तोंडाला कोरड पडते. पर्वती चढताना खिशात आणि रात्री उशाशी खडीसाखर ठेवतो. घरगुतीच आहे, अपाय काय? (वय 68, सदाशिव पेठ)

आजोबा, खडीसाखर शेवटी साखरच! जंतूंना तिचं घराणं कळत नाही. लाळ दिवसाला अर्धा ते दीड लिटर सुटते, ती उगाच नाही. ती साखर धुऊन नेते, जंतूंनी केलेलं आम्ल मारते, झिजलेल्या जागी कॅल्शियम भरते. झोपेत तिचा पाझर आटतो. त्यात तुमच्या गोळ्या, आणि त्यात तुम्ही खडा चघळत झोपता. हिरडी खाली सरकली की मूळ उघडं पडतं, आणि मुळावर इनॅमलचं, म्हणजे दातावरच्या कठीण आवरणाचं, चिलखत नसतं. सामू (pH) म्हणजे आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त. इनॅमल साधारण 5.5 सामूला विरघळू लागतं, मूळ 6.2च्या आसपासच. म्हणजे जरा आंबटपणा आला तरी ते खचतं. रात्री घोट घोट पाणी प्या. चघळायचंच तर झायलिटॉलची गोळी; ती गोड लागते, पण जंतूंना तिचं आम्ल करता येत नाही. ‘शुगर-फ्री’ म्हणून विकतात त्यातल्या कित्येक लिंबाच्या चवीच्या, म्हणजे पुन्हा आम्लच; पाकिटामागची बारीक अक्षरं वाचा. आणि मनाने औषधं बंद करू नका. गोळ्यांची यादी घेऊन तुमच्या डॉक्टरांकडे जा, कोरड कमी करणारा पर्याय आहे का विचारा.

प्रश्न : कोळशाची पावडर दात मुळापासून स्वच्छ करते असा मेसेज आला. वापरू का?

नको. उघडं मूळ खरवडून निघेल. मऊ ब्रश आणि फ्लोराइडची पेस्ट; ‘नैसर्गिक’ लिहिलेल्या डब्यावर फ्लोराइड आहे का तेवढं पाहा.

प्रश्न : आई 84 वर्षांची, मिश्री सोडत नाही. दाढेचं मूळ काळं पडलंय, पण दुखत नाही. दिवाळीनंतर नेली तर चालेल? (हडपसर)

मुळाची कीड पुष्कळदा गुपचूप वाढते. दुखायला लागेपर्यंत दाढ हिरडीपाशी मोडलेली असते. तेव्हा काढण्यावाचून इलाज उरत नाही. आत्ता कदाचित फ्लोराइडच्या लेपावर किंवा दातात भरायच्या सिमेंटवर भागेल, पण ते पाहिल्याशिवाय मी सांगणार नाही. मिश्री म्हणजे तंबाखू, तेव्हा गाल आणि जीभही तपासून घ्या. रक्त पातळ होण्याची गोळी चालू असेल तर चिठ्ठी सोबत आणा. दिवाळीआधी.