न मारता, खाऊ देऊन कुत्र्याला शिस्त लावता येते का?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे : घरी दहा महिन्यांचा लॅब्राडोर आहे. रंकाळ्यावर फिरायला नेला की तो हिसके देत ओढत नेतो, घरी आलेल्यांच्या अंगावर उड्या मारतो आणि हातून सुटला की कितीही हाका मारल्या तरी येत नाही. धाक बसल्याशिवाय जनावर ऐकत नाही, असे वडिलांचे ठाम मत आहे. आपल्याला मारणे पटत नाही. पण खाऊ देऊन शिकवले तर तो खाऊपुरतेच ऐकेल, ही शंकाही मनातून जात नाही.

मी कोल्हापुरातच राहतो, अनेक वर्षे कुत्री पाळतो आहे आणि ओळखीच्या घरांतील कुत्र्यांना शिकवायला मदतही करतो. मारल्याशिवाय उत्तम शिस्त लावता येते, आणि ती माराने लावलेल्या शिस्तीपेक्षा अधिक टिकते, असे मी अनुभवाने सांगतो. मात्र त्यासाठी एक गोष्ट आधी पटायला हवी. आपण शिकवायला बसतो तेव्हाच कुत्रा शिकतो असे नाही; तो दिवसभर शिकतच असतो. कोणत्या वागण्याने आपल्याला हवे ते मिळते, एवढेच तो पाहतो आणि तेच वागणे पुन्हा करतो. एडवर्ड थॉर्नडाइक या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १८९८ मध्ये पेटीत कोंडलेल्या मांजरांवर प्रयोग करून हाच नियम मांडला होता आणि प्राण्यांना शिकवण्याच्या आजच्या पद्धती त्याच पायावर उभ्या आहेत.

या दृष्टीने आपल्या कुत्र्याकडे पाहा. तो पट्टा ओढतो, आपण त्याच्यामागून खेचले जातो आणि त्याला हव्या असलेल्या खांबाचा वास त्याला मिळतो. तो पाहुण्यांवर उडी मारतो, तेव्हा घरातले सगळे एकदम त्याच्याकडे बघतात, ओरडतात, दोन्ही हातांनी त्याला ढकलतात. तरुण लॅब्राडोरच्या लेखी हा उत्तम खेळ असतो. तो हट्टी किंवा उर्मट नाही. ज्या वागण्याचे बक्षीस आपण नकळत देत आलो, ते त्याने मन लावून आत्मसात केले आहे. म्हणून पहिले काम म्हणजे प्रत्येक नकोशा सवयीतून त्याला नेमके काय मिळते आहे हे शोधणे आणि ते मिळणे बंद करून दुसऱ्या, आपल्याला हव्या असलेल्या वागण्याला जोडणे.

वडिलांच्या मताविषयीही आदराने लिहितो, कारण ते त्यांचे एकट्याचे नाही. कळपाचा म्होरक्या दडपशाहीने इतरांना ताब्यात ठेवतो, म्हणून मालकानेही तसेच वागावे, ही समजूत जगभर पसरली होती. तिचे मूळ प्राणिवर्तनाचे अभ्यासक रुडॉल्फ शेंकेल यांच्या १९४७ मधील अभ्यासात आहे. तो स्वित्झर्लंडमधील बाझेलच्या प्राणिसंग्रहालयात एकत्र कोंडलेल्या लांडग्यांचा होता. लांडग्यांचे अमेरिकी अभ्यासक डेव्हिड मेक यांच्या १९७० मधील पुस्तकाने ती कल्पना आणखी रुजवली. पण पुढे रानातले लांडगे वर्षानुवर्षे पाहिल्यावर त्याच मेक यांनी १९९९ मध्ये स्पष्ट लिहिले की नैसर्गिक कळप म्हणजे बहुतेक वेळा आईबाप आणि त्यांची पिल्ले असे कुटुंबच असते. कोंडलेल्या लांडग्यांच्या भांडणांवरून पाळीव कुत्र्याला मारण्याचे समर्थन करणे, मला मुळीच मान्य नाही.

माराचा परिणाम होत नाही असे मी म्हणत नाही. फटका बसला की कुत्रा त्या क्षणी थांबतो आणि म्हणूनच मारणाऱ्याला आपला उपाय लागू पडला असे वाटते. परंतु काय करायचे नाही याचाही त्याला अंदाजच बांधावा लागतो, आणि काय करायचे हे तर त्याला कोणी सांगितलेलेच नसते. शिवाय फटक्याच्या वेळी समोर जे असेल, मग ते लहान मूल असो वा शेजारची आजी, त्याच्याशी ती वेदना जोडली जाण्याचा धोका राहतो. पोर्तुगालमधील संशोधकांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात वेगवेगळ्या प्रशिक्षण शाळांतील ९२ कुत्र्यांची पाहणी केली. झटके, ओरडणे, दाब यांवर भर देणाऱ्या शाळांतील कुत्र्यांत तणावाची लक्षणे अधिक होती आणि प्रशिक्षणानंतर त्यांच्या लाळेत कॉर्टिसॉल हे तणावाशी निगडित संप्रेरकही अधिक वाढलेले आढळले. प्राण्यांच्या वर्तनाचा अभ्यास करणाऱ्या अमेरिकी पशुवैद्यकांच्या संघटनेने २०२१ मध्ये, सर्व कुत्र्यांसाठी बक्षिसावर आधारलेल्या पद्धतीच वापराव्यात, अशी भूमिका जाहीर केली. आपल्याकडे १९६० च्या प्राणी क्लेश प्रतिबंधक कायद्यानुसार प्राण्याला मारहाण करून वेदना देणे हा गुन्हाही आहे.

आता प्रत्यक्ष शिकवण्याकडे येतो. सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे वेळ साधणे. कुत्रा खाली बसला, आपण खिशात हात घातला, पिशवी उघडली आणि तुकडा दिला, तोवर तो उठून उभा राहिलेला असतो. म्हणजे बक्षीस उभे राहण्याला मिळाले. ही अडचण टाळण्यासाठी आधी एक खुणेचा शब्द ठरवावा. ‘शाब्बास’ चालेल, क्लिकर नावाचे टकटक वाजणारे छोटे यंत्रही मिळते, पण ते नसले तरी अडत नाही. घरात शांतपणे बसून तो शब्द एकदा उच्चारावा आणि लगेच तुकडा द्यावा, असे पुष्कळदा करावे. शब्द ऐकताच कुत्रा अपेक्षेने आपल्याकडे बघू लागला की खूण तयार झाली. त्यानंतर त्याचे बूड जमिनीला टेकले त्याच क्षणी ‘शाब्बास’ म्हणावे. तुकडा दोन सेकंदांनी पोहोचला तरी कशाचे बक्षीस मिळाले हे त्याला समजते. घरातल्या सर्वांनी एकच शब्द वापरावा. आई ‘बस’ म्हणते, भाऊ ‘सिट’ म्हणतो आणि वडील ‘खाली’ म्हणतात, अशा घरातला कुत्रा गोंधळला तर दोष त्याचा नाही.

रंकाळ्याची घाई मात्र करू नका. वस्ताद नव्या पोराला आधी तालमीच्या हौद्यात घोटून घेतो आणि मगच खासबागेच्या मैदानात उतरवतो. कुत्र्याचेही तसेच आहे. संध्याकाळी रंकाळ्याच्या चौपाटीवर भेळेच्या गाड्या, भाजलेली कणसे, पळणारी मुले, भटकी कुत्री आणि खाली सांडलेले खाद्यपदार्थ असे सारे एकदम असते. तेथे पहिला धडा द्यायचा म्हणजे त्याला नापास करायचेच ठरवणे होय. आधी घरात, मग गच्चीवर, मग दुपारच्या निर्मनुष्य गल्लीत, मग पहाटेच्या रंकाळ्यावर आणि सर्वांत शेवटी संध्याकाळच्या गर्दीत, असे टप्पे ठेवावेत. उन्हाळ्यात दुपारची गल्ली टाळावी. डांबरावर हाताची पालथी बाजू काही सेकंद टेकवता येत नसेल, तर तेथे त्याचे पंजेही भाजतील.

पट्टा ओढणे असे सोडवावे. गळ्यात साखळी न घालता छातीशी कडी असलेला हार्नेस घालावा आणि साधा, सहा फुटांच्या आसपासचा पट्टा लावावा. ओढताच लांब होत जाणारा पट्टा या कामाला निरुपयोगी आहे, कारण ओढले की पुढे जाता येते हेच तो शिकवतो. कुत्रा आपल्या डाव्या पायाशेजारी असताना आणि पट्टा सैल असताना ‘शाब्बास’ म्हणून तुकडा आपल्या विजारीच्या शिवणीजवळ द्यावा, म्हणजे ती जागा त्याला लाभाची वाटू लागते. पट्टा ताणला गेला की जागच्या जागी थांबावे. ओरडू नये, मागे खेचू नये, नुसते उभे राहावे. काही क्षणांनी तो वळून बघतो किंवा एक पाऊल मागे येतो आणि पट्ट्यात झोल पडतो. नेमक्या त्या झोलालाच ‘शाब्बास’ म्हणावे आणि लगेच पुढे चालावे. पहिल्या काही दिवसांत घरापासून कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंतही पोहोचणे होणार नाही, त्याची तयारी ठेवा. त्या दिवसांत व्यायाम अंगणात चेंडू टाकून करून घ्यावा. घरातल्या एकाने ओढू दिले की दुसऱ्याची मेहनत पाण्यात जाते, हेही सर्वांना सांगून ठेवावे.

येथे खाऊपेक्षा मोठे बक्षीस बहुतेक जण वाया घालवतात, ते म्हणजे वास घेण्याची मोकळीक. सैल पट्ट्याने दहा पावले चालला की ‘जा, वास घे’ म्हणून त्याला झाडाशी सोडावे. ज्या खांबासाठी तो आपल्याला फरफटत नेत होता, तोच खांब आता नीट चालण्याची कमाई होतो. माझ्या पाहण्यात या एका बदलाने जेवढी कुत्री सुधारली, तेवढी कोणत्याही महागड्या ट्रीटने सुधारली नाहीत.

उड्या मारण्यावर उपाय सोपा आहे. अवघड आहेत ती माणसे. बेल वाजण्यापूर्वीच पट्टा लावून ठेवावा. चारही पाय जमिनीवर असतील तरच पाहुण्यांनी त्याच्याकडे बघावे, उडी मारली की पाठ फिरवावी आणि हात छातीशी घ्यावेत. त्याच वेळी आपण दोन-चार तुकडे जमिनीवर टाकावेत, म्हणजे त्याचे तोंड खाली राहील. ‘असू दे हो, लहान आहे’ म्हणून लाड करणारी आत्या किंवा मामा आले तर कुत्र्याला खुशाल आतल्या खोलीत न्यावे. एक लाड आठवड्याची शिस्त मोडतो.

हाकेला येण्याच्या बाबतीत एकच नियम कडकपणे पाळा : आपल्याकडे आलेल्या कुत्र्याचे कधीही वाईट होता कामा नये. तो अर्ध्या तासाने आला तरी रागावू नये, आणि आंघोळ घालायला किंवा नखे कापायला त्याला हाक मारून बोलावू नये, आपण जाऊन आणावे. पाच ते दहा मीटरची लांब दोरी लावून मोकळ्या जागेत सराव करावा, बोलावून खाऊ द्यावा आणि पुन्हा खेळायला सोडावे. हाक म्हणजे मजा संपली, असे त्याला वाटले तर तो येणार नाही. तोंडातली वस्तू सोडवतानाही हिसकावण्याऐवजी अदलाबदल करावी. ही गोष्ट आपल्या भागाला नवी नाही. कोल्हापूर संस्थानात चित्ते पाळून त्यांच्याकडून काळविटांची शिकार करवत असत. अशा शिकारीत पकडलेले जनावर चित्त्याकडून ओढून न घेता, त्याच्यापुढे लाकडी पळीतून रक्त किंवा मांसाचा वाटा धरून त्याला त्यावरून वळवण्याची रीत भारतात जुनी आहे. त्या चित्त्यांच्या डोळ्यांवर पट्ट्या बांधत आणि त्यांना उपाशी ठेवत, ते मला अजिबात पटत नाही. परंतु मौल्यवान वस्तू सोडायची तर बदल्यात तशीच चांगली वस्तू मिळावी लागते, हे त्या चित्तेवानांना पक्के ठाऊक होते.

खाऊचे व्यसन लागेल का, या शंकेचे उत्तर लाच आणि मोबदला यांतल्या फरकात आहे. आधी तुकडा दाखवून मग काम करून घेतले तर ती लाच, आणि हात रिकामा दिसला की तो ऐकणार नाही हे खरेच. काम झाल्यावर खिशातून निघाला तर तो मोबदला. नवी गोष्ट शिकताना प्रत्येक वेळी द्यावा. ती पक्की झाल्यावर कधी द्यावा, कधी नुसते थोपटावे, कधी चेंडू टाकावा. पुढचे बक्षीस केव्हा आणि कोणते हे ठाऊक नसलेला कुत्रा अधिक उमेदीने काम करतो. लॅब्राडोरच्या बाबतीत खाऊ विशेष उपयोगी पडतो, कारण सुमारे एकचतुर्थांश लॅब्राडोरांमध्ये भूक वाढवणारा जनुकीय बदल असतो, असे केंब्रिजच्या संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवले. त्याच कारणाने ही जात लवकर लठ्ठही होते. म्हणून तुकडा हरभऱ्याच्या दाण्याएवढाच असावा आणि दिवसभराचा खाऊ रोजच्या जेवणातून वजा करावा.

मीठ-मसाला न घातलेले उकडलेले चिकन उत्तम. शाकाहारी घरात पनीर, उकडलेले रताळे, गाजर चालते. रविवारी घरोघरी तांबडा-पांढरा होतो आणि मायेपोटी रश्श्यातली हाडे कुत्र्यापुढे टाकली जातात, ती कृपया टाकू नका. शिजलेले हाड फुटून आतडे फाडू शकते, आणि रश्श्यातला कांदा-लसूण त्याच्या रक्तपेशींना घातक असतो. द्राक्षे, मनुका आणि चॉकलेटही वर्ज्य.

वडिलांना वाद घालून पटवू नका. रोज संध्याकाळच्या जेवणातले थोडे दाणे त्यांच्या हातात द्या, ‘बस’ म्हणायला सांगा आणि कुत्रा बसला की त्यांनाच भरवू द्या. त्यांच्या शब्दासरशी तो बसलेला त्यांनी पाहिला की छडीची गरज त्यांना वाटणार नाही, असा मला विश्वास आहे.

कुत्रा गुरगुरत असेल तर मात्र वरचे उपाय थांबवून मागे व्हा आणि त्याला मोकळी जागा द्या. गुरगुरणे हा इशारा आहे. त्याबद्दल शिक्षा केली तर इशारा बंद होतो, भीती तशीच राहते आणि पुढच्या वेळी तो न सांगता चावतो. शांत कुत्रा अचानक चिडका झाला असेल तर प्रथम पशुवैद्यकाकडे न्यावा, कारण कान, दात किंवा सांधे दुखत असण्याची शक्यता असते.

आणि ट्रेनर ठेवायचा असेल, तर त्याला एकच विचारा : कुत्र्याने चूक केली तर आपण काय करता? गळफासाची साखळी, काट्यांचा किंवा विजेचा पट्टा यांपैकी काही त्याच्या उत्तरात आले, किंवा ‘महिनाभर आमच्याकडे सोडा, आम्ही काय करतो ते बघायला येऊ नका’ असे तो म्हणाला, तर तेथे कुत्रा ठेवू नका. प्रत्येक धडा आपल्यासमोर देणारा आणि आपल्यालाही शिकवणारा माणूस शोधा. फिरायला शेवटी आपणच नेणार आहात.