दाताला चिकटणारे गुळाचे पॉपकॉर्न: गुळावर शंका घेण्याआधी थर्मामीटर तपासा

तुम्ही लिहिलंय की पाक थर्मामीटरवर बरोबर 145 अंशांपर्यंत नेला, लाह्या घोळवल्या, आणि थंड झाल्यावर त्या दाताला चिकटू लागल्या. सकाळी डब्यात एकच ढेकूळ. बटर वाढवू का, असं विचारलंय; त्याने हे सुटणार नाही. हीच लक्षणं मी बराच काळ गुळाच्या माथी मारत होते आणि त्यात चारेक किलो गूळ वाया घालवला. चूक थर्मामीटरची होती.

मुंबईत उकळतं पाणी 100 अंश दाखवायला हवं, माझा 108 दाखवत होता. म्हणजे पडद्यावर 145, पण कढईत 137 च्या आसपास. पाक 132 ते 143 मध्ये असला की थंड झाल्यावर वाकतो, मग तुटतो, आणि दाढेत बसतो. कट्‌कन मोडायला 145 च्या पुढेच जावं लागतं. कंपनीच्या ग्राहक सेवेला कळवलं तर उत्तर आलं की हे उपकरण मांस भाजताना वापरायचं आहे, पाकासाठी हमी नाही. खोक्यावर 300 अंशांपर्यंत चालतं असं छापलेलं! असो.

तपासताना उंचीचा हिशेब धरा. पुण्यात पाणी 98 च्या जवळपास उकळतं, महाबळेश्वरला 95-96 ला. तिथे 100 दिसलं तर थर्मामीटर जास्त दाखवतोय. जितकं जास्त दाखवेल तितकं पाकाच्या आकड्यात मिळवायचं, कमी दाखवलं तर वजा करायचं. वरच्या तापमानाला फरक तंतोतंत तेवढाच राहील असं नाही, म्हणून वाटीत गार पाणी ठेवाच. थेंब टाका, दहा सेकंदांनी काढून मोडा. वाकला तर अजून वेळ आहे. ताटलीवर टाकल्यावर टणकन वाजला तर गॅस बंद.

दुसरी गंमत म्हणजे 150 ग्रॅम गुळाचा पाक रुंद कढईत जेमतेम बोटभर असतो. थर्मामीटरच्या सळईचं टोक बुडत नाही किंवा बुडाला टेकतं, आणि दोन्ही वेळा आकडा खोटा. लहान, जाड बुडाचं पातेलं घ्या आणि तिरकं धरून मोजा.

माझं प्रमाण: मक्याचे दाणे 75 ग्रॅम, गूळ 150, बटर 40, पाणी दोन चमचे, मीठ पाव चमचा, खायचा सोडा पाव चमचा. कॅरॅमल पॉपकॉर्न ही साखरेची मिठाई आहे, म्हणून तेव्हाच्या दराने 18 टक्के कर, असा खुलासा डिसेंबर 2024 मध्ये जीएसटी परिषदेने केला तेव्हा लोक हसले होते. हे प्रमाण बघा, मला तरी तो पटतो.

गूळ चिक्कीचा घ्या. काळसर, ओलसर गूळ चवीला कितीही छान असला तरी इथे नको. तो हवेतलं पाणी ओढतो. लिंबू तर अजिबात पिळू नका. साखरेच्या पाकात ते साखरेचे पुन्हा खडे होऊ देत नाही म्हणून घालतात. गुळात ते काम करणारी साखर आधीच असते, वर लिंबू म्हणजे चिकटपणाला आमंत्रण. 150 च्या पुढे गूळ कडवट होतो, तेव्हा शेवटच्या मिनिटाला फोन उचलू नका.

सोडा गॅस बंद केल्यावर. पाक फसफसून दुप्पट होतो, रंग दुधाच्या चहासारखा फिका पडतो. त्या बुडबुड्यांमुळेच थर ठिसूळ होतो. लगेच लाह्या ओता, आणि लाह्या कोमट असू द्या; गार लाह्यांवर पाक जागच्या जागी थिजतो आणि निम्म्या कोऱ्या राहतात. गणंग, म्हणजे न फुटलेले दाणे, आधीच काढा. परात हलवली की ते तळाला जातात, वरच्या लाह्या हाताने उचलायच्या. पाकात दडलेल्या गणंगाने दात गेला तर गुळाला दोष देऊ नका. (गणंग फार राहत असतील तर दाणे वाळलेत. बरणीत चमचाभर पाणी शिंपडून, हलवून दोन दिवस बंद ठेवा.)

ओव्हन असेल तर 120 अंशांवर 40 मिनिटं, दर दहा मिनिटांनी उलथायचं. पाक थोडा कच्चा राहिला असला तरी इथे सावरतो. तुमची आत्ताची ढेकळं फोडून हाच उपाय करून बघा, बहुतेक वाचतील. अगदी हमी देत नाही.

पूर्ण गार झाल्याशिवाय डबा बंद करू नका, वाफेनेच सादळतात. पावसाळ्यात मात्र गार झाल्यावर पाच मिनिटंही उघडे नकोत.

लाडू वळायचे असतील तर वरचं सगळं विसरा. तिथे तिळाच्या लाडवासारखा गोळीबंद पाकच हवा, 120-125, सोडा नको, आणि हाताला तूप. पाक भाजतो, मुलांना वळायला बसवू नका. पातेलं घासत बसण्यापेक्षा त्यात पाणी भरून उकळा, सगळं सुटतं.