नुसत्या माहितीने दुखणं थांबतं का?

प्रश्न : लग्नाला ८ महिने झाले. संबंधांच्या वेळी दुखतं, म्हणून इच्छाच होत नाही. मैत्रीण म्हणते, लैंगिक शिक्षणाचा वर्ग कर. त्याने काय होणार?

उत्तर : बऱ्याच जणींना फरक पडतो. ‘दुखणार’ या धास्तीने योनीभोवतीचे स्नायू आपोआप आवळतात, ओलावा येत नाही, मग खरंच दुखतं आणि पुढच्या वेळी धास्ती वाढते. हे कळलं की निम्मी अपराधी भावना जाते.

आधी हातआरसा घेऊन स्वतःची रचना पाहा. शिश्निकेचा (क्लिटोरिस, योनिमुखाच्या वरचा लैंगिक सुख देणारा अवयव) बाहेर दिसतो तो दाणा म्हणजे फक्त टोक; बाकी बरीचशी आत असते. नुसत्या योनिप्रवेशाने अनेकींना तृप्ती मिळत नाही, त्यात बिघाड काही नाही. (हे नवऱ्यालाही वाचायला द्या.) काही आठवडे प्रवेश पूर्ण बंद, फक्त स्पर्श. नंतर पाण्याच्या बेसचं वंगण, हात आखडता न घेता. कंडोम वापरत असाल तर खोबरेल नको. तेलाने लॅटेक्स कमकुवत होऊन फाटतं.

जळजळ, दुर्गंधीयुक्त स्राव किंवा संबंधांनंतर रक्त दिसत असेल, तर वर्ग राहू द्या, आधी स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा. नैराश्यावरच्या काही गोळ्यांनीही इच्छा मंदावते. त्या परस्पर बंद करू नका, डॉक्टरांना सांगून बदलून घ्या.