आधी खोकल्याचं विचार, बिडीचं नंतर

बेटा,

चोपड्याकडच्या आरोग्य उपकेंद्रात रुजू झालीस आणि लगेच म्हणतेस की बिडी सोडा म्हटलं की माणसं नुसती हसतात. हसणारच गं, हे त्यांना येणारा जाणारा प्रत्येकजण सांगून गेलाय. तू आधी विचार खोकला कधीपासून, बंडल किती दिवस पुरतं, केळीचे घड उचलताना दम लागतो का. पावरा आदिवासींच्या वस्तीवर जाशील तर आशाताईला सोबत ने, भाषा तिची चालते. दोन आठवड्यांच्या वर खोकला असला तर बिडीचाच असेल म्हणून सोडू नको, थुंकी तपासायला पाठव. बिडी पिणाऱ्याला टीबीचा धोका जास्त, आणि नेमका त्याचाच खोकला घरचे मनावर घेत नाहीत.

गावात एक समज पक्का बसलाय, सकाळी बिडी ओढली की कफ मोकळा होतो. त्याला खोटं पाडायला जाऊ नको, समजावून सांग. श्वासनळीत बारीक केसांसारखे तंतू असतात, ते कफ वर ढकलतात, धुराने ते मंदावतात. बिडी सोडली की ते परत कामाला लागतात म्हणून काही आठवडे कोणाकोणाचा खोकला उलट वाढतो, आणि माणूस म्हणतो बिडी सोडली अन् आजारी पडलो, की परत सुरू! हे त्याला सोडायच्या दिवशीच सांगून ठेव, मला हे सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. बिडी सोडून तंबाखू मळायला लागला का तेही बघ. 2016-17 च्या सर्वेक्षणात महाराष्ट्रात धूम्रपान करणारे 3.8 टक्के होते आणि बिनधुराची तंबाखू खाणारे 24.4, म्हणजे वाट कुठे जाते ते दिसतंच.

बायकांना तर कोणी विचारतच नाही. सिलेंडर कोपऱ्यात असतं, भरायला पैसे नसतात, मग पऱ्हाटी नाहीतर तुराट्या पेटवायच्या. आयुष्यात बिडीला हात न लावलेल्या बाईलाही त्या धुराने सीओपीडी, म्हणजे श्वासनळ्या अरुंद होऊन कायमचा दम लागायचा आजार, होतो. चूल पडवीत हलवता येते का बघ, लाकडं वाळलेली असू देत, आणि तान्हं लेकरू मांडीवर घेऊन चुलीपुढे बसू नका हे सासूसमोर सांग.

दम्याच्या औषधाच्या पंपाला, म्हणजे इनहेलरला, लोक घाबरतात, सवय लागते म्हणतात. औषध सरळ फुप्फुसात जातं म्हणून डोस थोडाच लागतो एवढं सांग, आणि तुझ्यासमोर ओढायला लाव, बरेच जण चुकीचा ओढतात. तंबाखू सोडायचा टोल फ्री नंबर 1800-11-2356 आहे, केंद्राच्या दारावर मोठ्या अक्षरात लिहून टाक.