आठ हजारांत रोड बाइकसाठी क्लीटचे शूज: इंदुरात चालवायची तर कोणते घ्यावेत?

तुम्ही लिहिलंय की रविवारी महू-जानापावकडे साठ-सत्तर किलोमीटर होतात, आठवड्यातून दोन दिवस सुदामानगरहून त्याच सायकलवर ऑफिस, सध्या साधे पेडल आहेत, बजेट आठ हजार, आणि मित्र सांगतोय की रोड बाइक आहे तर तीन बोल्टचेच शूज घे. (क्लीट म्हणजे शूजच्या सोलखाली लावायचा, पेडलमध्ये अडकणारा तुकडा; तो दोन किंवा तीन बोल्टने बसतो.) तुमच्या जागी मी दोन बोल्टचे घेईन. ऑफिसचे ते दोन दिवस नसते तर मित्राचं ऐकलं असतं.

पहिला हिशोब पैशांचा. आठ हजार हे फक्त शूजचं बजेट नाही, त्यात पेडलही यायचे आहेत. क्लीट शूजबरोबर येत नाहीत, नव्या पेडलच्या डब्यात बोल्टसकट येतात. म्हणून जुने पेडल स्वस्तात मिळाले तरी क्लीटचे पैसे वेगळे धरा. निम्मे शूजला, निम्मे पेडलला, अशी ढोबळ वाटणी करून दुकानात जा.

आता दोन आणि तीन बोल्टचं. दोन बोल्टचं म्हणजे शिमानोचं एसपीडी: लोखंडी, छोटी क्लीट, सोलच्या खाचेत आत बसते, त्यामुळे ऑफिसचे जिने नीट चढता येतात. पेडल दोन्ही बाजूंनी लागतो, सिग्नल सुटल्यावर खाली बघावं लागत नाही. तीन बोल्टचं म्हणजे एसपीडी-एसएल किंवा लुक किओ: मोठी प्लास्टिकची क्लीट, पायाखाली आधार रुंद, लांबच्या राइडला छान. पण ती सोलच्या बाहेर राहते, गुळगुळीत फरशीवर घसरते, आणि चालून चालून झिजते. झिजली की पाय पेडलमध्ये सैल होतो आणि नवा जोड घ्यावा लागतो. या दोघांना शूजवरची भोकं सारखीच लागतात, पण किओची क्लीट शिमानोच्या पेडलमध्ये बसत नाही. दुकानदार ‘सब एक ही है’ म्हणाला तरी पेडलवरचं नाव वाचा.

अजून मन ठरत नसेल तर शिमानोच्या आरपी१सारखे दोन्ही प्रकारची भोकं असलेले शूज बघा. फक्त अशा शूजमध्ये दोन बोल्टची क्लीटही थोडी बाहेरच राहते, चालताना टकटक होते. पेडलमध्ये शिमानोचा एम५२० वर्षानुवर्षं चालतो. एका बाजूने सपाट, दुसऱ्या बाजूने क्लीटचा असा ईएच५००ही आहे. चपलेवर भाजी आणायला जाणाऱ्यांसाठी तो सोयीचा.

ऑनलाइन स्वस्तातले अनोळखी कंपन्यांचे शूज घेताना सोलचा फोटो बघितल्याशिवाय पैसे भरू नका. वरून हुबेहूब तोच शूज तीन तऱ्हांत विकतात: तीन बोल्टचा, दोन बोल्टचा, आणि भोकंच नसलेला रबरी सोलचा. फसगत इथेच होते. दुसरा धोका सोलमधल्या नटचा. हलक्या शूजमध्ये नट आतल्या आत फिरायला लागतो, मग बोल्ट ना घट्ट होतो ना निघतो. शूज हातात आल्यावर बोल्ट रिकामेच फिरवून बघा.

सोल कार्बनचा नको, नायलॉनचा पुरे. दोन-तीन तासांच्या राइडला त्याचा ताठपणा कमी पडत नाही. शूज आवळायच्या फिरत्या डायलच्या नादीही लागू नका, वेल्क्रोचे तीन पट्टे चांगले धरतात. वाचलेले पैसे मापात बसणाऱ्या शूजवर घाला, कारण स्वस्त शूज नावडण्याचं कारण बहुतेक वेळा माप हेच असतं.

माप संध्याकाळी घ्या, तेव्हा पाय थोडा सुजलेला असतो. कागदावर उभं राहून टाच ते सर्वांत लांब बोट मोजा, दोन्ही पायांचं, आणि मोठा आकडा धरा. शिमानोच्या तक्त्यात ४१ म्हणजे २५.८ सेंमी, ४२ म्हणजे २६.५, ४३ म्हणजे २७.२. दुसऱ्या कंपनीचा ४२ वेगळा निघू शकतो, म्हणून तुमच्या चपलेचा नंबर सांगून मागवू नका, सेंटिमीटर जुळवा. बोटांपुढे पाच ते दहा मिलिमीटर जागा हवी, टाच मात्र उचलली जाता कामा नये. चवडा रुंद असेल तर एक नंबर मोठा घेण्याचा मोह होतो. त्याने लांबी वाढते, टाच सुटते आणि चवडा तरीही दाबला जातो. त्याऐवजी ‘वाइड’ मापाचं मॉडेल शोधा. मे महिन्यात इंदुरात पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा पाय आणखी फुगतात, आणि घट्ट शूजमध्ये तासाभरात बोटं बधिर होतात. घरात सतरंजीवर वीस मिनिटं घालून बसा. क्लीट त्यानंतरच लावा, कारण सोलवर तिचे ओरखडे पडले की शूज परत घेत नाहीत.

क्लीट लावायला चार मिलिमीटरची एलन की लागते. पायात शूज असताना अंगठ्याच्या मुळाचं हाड आणि करंगळीच्या मुळाचं हाड बाहेरून चाचपा, दोन्हीकडे पेनने खूण करा. पेडलचा आस या दोन खुणांच्या मध्ये आला पाहिजे. शंका वाटली तर क्लीट पुढे नेण्यापेक्षा तीन-चार मिलिमीटर मागे घ्या, पोटरीवर ताण कमी येतो. खुर्चीत बसून पाय मोकळे लोंबकळू द्या. टाचा ज्या बाजूला वळलेल्या दिसतात तोच कोन ठेवा, जबरदस्तीने सरळ करू नका. गुडघ्याच्या आतल्या किंवा बाहेरच्या बाजूला दुखायला लागलं तर आधी हा कोन तपासा. समोरून दुखत असेल तर बहुधा सीट खाली आहे. शूज आणि पेडल बदलले की पायाची उंची काही मिलिमीटर बदलते, सीट पुन्हा मोजावी लागते. बोल्टच्या आट्यांना ग्रीस लावा आणि पाच-सहा न्यूटन-मीटरवर (टॉर्क रेंचवरचा आकडा) घट्ट करा. ढिला राहिला तर पाय वळवताना क्लीट शूजवरच फिरते आणि पाय सुटत नाही. (शिमानोचं तीन बोल्टचं घेतलंत तर पिवळी क्लीट लावा, तिच्यात सहा अंश हालचाल असते. निळीत दोन, लाल अजिबात हलत नाही.)

पेडल बसवताना डाव्या पेडलचे आटे उलटे असतात हे विसरू नका, नाहीतर क्रँकचे (पेडल ज्यात बसतो त्या दांड्याचे) आटे जातात. एसपीडी पेडलवर पकड कमी-जास्त करायचा, तीन मिलिमीटरच्या एलन कीचा स्क्रू असतो, तो सुरुवातीला दोन्ही पेडलवर सगळीकडे सारखाच आणि सर्वांत सैल ठेवा. भिंतीला धरून वीस-पंचवीस वेळा टाच बाहेर वळवून पाय सोडण्याचा सराव करा. शहरात थांबायच्या दहा-पंधरा मीटर आधीच डावा पाय मोकळा करा, म्हणजे तो रस्त्याच्या कडेला टेकतो आणि तुम्ही ट्रॅफिककडे कलत नाही. नवखे पडतात ते जवळजवळ थांबलेल्या सायकलवरून.

पावसाळ्यात आपल्या माळव्याची काळी माती क्लीटमध्ये गच्च बसते. जानापावला कच्च्यात उतरून चार पावलं चाललात की पाय लागतच नाही. खिशात एक जुना टूथब्रश किंवा काडी ठेवा. घरी आल्यावर इनसोल काढून आत वर्तमानपत्र कोंबा आणि पंख्याखाली वाळवा. कडक उन्हात ठेवलेल्या स्वस्त शूजचा सोल चिकटवलेल्या जागी सुटतो. बोल्ट महिन्यातून एकदा थोडे सैल करून पुन्हा आवळा, नाहीतर गंजून दिवाळीपर्यंत जाम होतील.